तुम्ही विचारलंत म्हणून: मॅडम, पक्षात कशाला गेलात?

प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. स्टाफरूममध्ये तो हळू आवाजात येतो, लग्नाच्या पंगतीत मोठ्याने. "मॅडम, शिक्षक संघटनेत एवढं चांगलं नाव होतं तुमचं. मग गळ्यात उपरणं घालून पक्षाच्या स्टेजवर कशाला जाऊन बसलात?" माझ्या धाकट्या जावेने तर भाकरी थापता थापता सरळ विचारलं, "काय मिळालं?" काही नाही, असं मी म्हणाले. तिला ते पटलं नाही. मलाही ते कितपत पटतं ते पुढे सांगते.

पक्षाचं नाव लिहिणार नाही. लिहिलं की निम्मे लोक तिथेच थांबतात, उरलेले टाळ्या वाजवतात आणि वाचत कोणीच नाही.

आधी भांडणाचा भाग उरकून घेते. संघटनेने राजकारणापासून चार हात लांब राहावं, असं मला सुनावणाऱ्यांमध्ये बरेच जण इतिहासाचे शिक्षक आहेत. मीही इतिहासच शिकवते. आयटक ही कामगार संघटनांची देशपातळीवरची संघटना १९२० साली मुंबईत स्थापन झाली तेव्हा अध्यक्षस्थानी लाला लजपतराय होते. ते काय राजकारण सोडून आले होते? बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि ७ नोव्हेंबर १९३८ चा मुंबईतला कामगारांचा संप त्या पक्षाने कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून केला. आणि आपल्या शिक्षकांना तर राज्यघटनेनेच राजकारणात बसवलंय. विधान परिषदेचा बारावा हिस्सा शिक्षक मतदारसंघांचा. महाराष्ट्रात ७८ पैकी सात जागा. त्यातल्या बहुतेक जागांवर पक्षांनी आपापली माणसं कधीच आणून ठेवली आहेत. मग पक्षाने संघटनेत यायचं ते चालतं, आणि संघटनेतल्या एका बाईने पक्षात गेलं की बाटलं?

हे मी तावातावाने बोलते आणि समोरचा गप्प होतो. घरी आल्यावर मात्र आठवतं, की बाबासाहेबांनी पक्ष स्वतः काढला होता. मी दुसऱ्याच्या तयार पक्षात गेले. हा फरक अजून कोणी माझ्या तोंडावर मांडलेला नाही. म्हणून मीच मांडून ठेवते.

गेले कशी, ते सांगते. आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात, टप्पा अनुदानावरची, म्हणजे सरकार पगाराचं अनुदान पूर्ण न देता २० टक्के, ४० टक्के असं टप्प्याटप्प्याने देतं. विनाअनुदानितमध्ये राबलेल्यांना पुढचं सांगायची गरज नाही. २००१ पासून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित', म्हणजे अनुदान कधीच मागायचं नाही, म्हणून मान्यता मिळायला लागली, २००९ साली त्यातला 'कायम' तेवढा काढला, २० टक्के अनुदान मिळायला २०१६ साल उजाडलं. त्याच वर्षी औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक होती आणि शिक्षकांनी लाठ्या खाल्ल्या. मधल्या काळात किती निवेदनं दिली ते विचारू नका. निवेदनाची पोच घेऊन फाइलला लावायची एवढंच आमचं आंदोलन उरलं होतं. जीआरवर सही करणारा माणूस कुठल्या तरी पक्षाचा असतो, हे कळायला मला फार वर्षं लागली. कळलं तेव्हा वाटलं, दाराबाहेर उभं राहून राहून पाय दुखले, आता आत जाऊन बघू.

निमित्त झालं फॉर्म नंबर १९ चं, म्हणजे शिक्षक मतदार म्हणून नाव नोंदवायच्या अर्जाचं. शिक्षक मतदारसंघाची मतदार यादी दर निवडणुकीला नव्याने करतात. मागच्या वेळी मत दिलंत म्हणून या वेळी नाव असेलच असं नाही. एक नोव्हेंबर ही अर्हता तारीख, म्हणजे पात्रता मोजायची तारीख. त्याआधीच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्याच्या वरच्या वर्गांना शिकवलेलं हवं आणि त्याचा मुख्याध्यापकांचा दाखला हवा. प्राथमिकच्या शिक्षकांना मतच नाही. हे फॉर्म भरून घ्यायचं काम मी संघटनेसाठी करत होते. स्कूटी काढायची, शाळा सुटायच्या आत गाठायची, दाखल्यावर शिक्का मारून घ्यायचा. काही ठिकाणी मुख्याध्यापक म्हणायचे, "संस्थाचालकांना विचारून सांगतो." म्हणजे बिनपगारी शिक्षकाचं मतसुद्धा संस्थेच्या कपाटात. त्या वेळी पक्षाच्या एका कार्यकर्त्याने एका संस्थाचालकाला माझ्यासमोर फोन लावला आणि दाखले दुसऱ्या दिवशी शिक्क्यासकट आले. संघटनेची पत्रं महिनाभर पडून होती, आणि इथे एका फोनमध्ये काम. मला भुरळ पडली. दुसरा शब्द नाही.

मग मी पक्षाचंही काम करायला लागले. फुकट, पेट्रोल स्वतःचं. मतदान कसं करायचं ते शिक्षकांना शिकवत फिरले. इथे बटण नसतं, मतपत्रिका असते. केंद्रावर देतात तोच जांभळा पेन वापरायचा. आपल्या पसंतीच्या उमेदवारापुढे १ हा अंक काढायचा, मग हवं तर २, ३. 'एक' असं अक्षरात लिहिलं की बाद, टिक केली की बाद, खाली सही ठोकली की बाद. आयुष्यभर पोरांच्या पेपरवर टिक करणाऱ्यांचा हात तिथेही शिवशिवतो. दर वेळी शिक्षकांचीच मतं बाद होतात, यावर आमच्या गावातला चहावालासुद्धा हसतो.

आता पूनम गेटचं. मला जे टोचून विचारतात त्यांना खरं तर हेच विचारायचं असतं.

जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर आमचं धरणं चालू होतं. मागणी पुढच्या टप्प्याची, आणि त्रुटीत, म्हणजे तपासणीत काढलेल्या उणिवांमुळे, अडकलेल्या शाळांच्या फाइली सोडवण्याची. आमची शाळा त्यातच होती. पहिले दोन दिवस मीही सतरंजीवर होते, संघटनेचा बिल्ला लावून. तिसऱ्या दिवशी आमच्याच पक्षाचे मंत्री जिल्ह्यात येणार होते. आदल्या रात्री फोन आला. "मॅडम, उद्या साहेबांचा ताफा तिकडून जातोय. तुमच्या मास्तरांचा मंडप तेवढा बघा की." मी म्हणाले, फुकट बघणार नाही. पाच जणांना भेट द्या, दहा मिनिटं, विश्रामगृहावर, आणि दारात उभं करून नाही, बसवून. तासाभराने होकार आला. मला वाटलं, जमलं. यासाठीच तर आत आले होते.

सकाळी मंडपात गेले तेव्हा आमचे गणिताचे सर कडेला बसून पेपर वाचत होते. शाळेच्या पहिल्या दिवसापासूनचे. कित्येक वर्षं एक रुपया न घेता त्यांनी दहावीचा निकाल सांभाळला. घर चालायचं ते दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ हिशेब लिहून. धरण्यातूनही पाच वाजता उठून ते केंद्रावर जायचे. मी निरोप सांगितला. त्यांनी पेपराची घडी केली आणि विचारलं,

"मॅडम, तुम्ही आज कोणाकडून आलात?"

मी म्हणाले, दोन्हीकडून. ते काही बोलले नाहीत, सरकून मला जागा करून दिली. त्या सरकण्यात राग होता की नव्हता हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

चर्चा बरीच वेळ चालली. कोणी म्हणालं, भेट मिळतेय तर घ्या, मंडप काय पुन्हा घालता येईल. एक नवी शिक्षिका, मला वाटतं तिचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं, उठून म्हणाली, "ताफा जाईपर्यंत मंडप ठेवला तरच त्याला किंमत आहे. नंतर कोण बघतंय?" ती बरोबर बोलत होती. मी तिला उत्तर दिलं, चांगलं दिलं, आणि लोक माझ्या बाजूने झाले. बोलण्यात मी कमी पडत नाही. हात वर करून निर्णय झाला. बाराच्या आत सतरंज्या गुंडाळल्या. गणिताच्या सरांनी हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. सतरंजीचं एक टोक मात्र त्यांनीच धरलं.

शिष्टमंडळ दुपारपासून विश्रामगृहाच्या झाडाखाली थांबलं. भेट दिवेलागणीला झाली. बसायला खुर्च्या होत्या, एवढी माझी अट पाळली गेली. मंत्र्यांनी निवेदन उभ्यानेच चाळलं, वर शेरा मारला, 'तपासून तात्काळ सादर करावे', आणि फोटो झाला. आम्ही पायऱ्या उतरतोय तोवर तो फोटो ग्रुपवर पोचला होता. खाली पक्षाच्या कुणीतरी लिहिलं होतं, आंदोलन यशस्वीपणे मागे. कोणी मागे घेतलं होतं? आम्ही स्थगित केलं होतं. रात्रीपर्यंत संघटनेच्या ग्रुपवर दुसरं वाक्य फिरत होतं: मॅडमनी मंडप विकला. एकाने भावही लिहिला. तो आकडा इथे लिहायला मला आजही लाज वाटते. आणि राग येतो, कारण त्या दिवशी शिष्टमंडळाच्या चहाचे पैसेसुद्धा मी माझ्या पर्समधून दिले होते.

दोन दिवसांनी मंडप पुन्हा घातला. निम्मेही आले नाहीत.

आता माझी बाजू. तो शेरा मारलेला कागद घेऊन मी वरच्या कार्यालयात टेबलामागून टेबल फिरले. आमच्यासह काही शाळांच्या त्रुटींच्या फाइली त्यानंतर पुढे सरकल्या. शेऱ्यामुळे सरकल्या की तशाही सरकणारच होत्या, हे मी सिद्ध करू शकत नाही. मंडप राहिला असता तर जास्त मिळालं असतं, हे ती शिक्षिकाही सिद्ध करू शकत नाही. पुढचा टप्पा मिळाला तेव्हा प्रत्येक पक्षाने आणि प्रत्येक संघटनेने आपापले बॅनर लावले. त्यात आमचाही होता, आणि तो लावायला सुतळी मीच धरली होती. पुन्हा तसा फोन आला तर? भेट मागेन. मंडपाचं मात्र आज सांगत नाही.

गणिताचे सर त्यानंतर ५८ पूर्ण होऊन निवृत्त झाले. शेवटचा पगार ४० टक्क्यांचा, पेन्शन नाही. निरोप समारंभाला त्यांनी माझं नाव घेऊन आभार मानले. टोमणा असता तर बरं झालं असतं.

काय मिळालं, या जावेच्या प्रश्नाला आता जरा नीट उत्तर देते. कार्यालयात आता मला खुर्ची मिळते. फोन उचलतात. हे स्वतःसाठी मागितलं नव्हतं, पण मिळालंय आणि आवडतंही. माइक तर मला पहिल्यापासूनच आवडतो. पक्षात बायकांना बहुधा हळदीकुंकू आणि स्टेजची पुढची रांग यासाठी बोलावतात. मी तिथे अनुदानावर बोलते म्हणून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या बघायलाही मला आवडतं. तेव्हा 'काही नाही' हे उत्तर खोटंच होतं म्हणायचं. पैसे मिळाले नाहीत, एवढं मात्र शपथेवर.

सगळ्यात वाईट वाद माझा माझ्याशीच आहे. पक्षाच्या कितीतरी वर्षं आधी, संघटनेच्या एका जिल्हा अधिवेशनात मी ठराव मांडला होता, की राजकीय पक्षाचं पद घेणाऱ्याने संघटनेचं पद सोडावं. भाषण गाजलं होतं. 'जोडे बाहेर काढून या' असं काहीतरी मी म्हणाले होते. ठराव एकमताने मंजूर झाला आणि नंतर कोणी पाळला नाही, कारण पदं सगळ्यांकडेच होती. आता पक्षाने मला तालुक्याच्या महिला आघाडीचं पद देऊ केलंय, आणि संघटनेतल्या काहींना नेमका तो ठराव सापडलाय. त्यांचा हेतू शुद्ध नाही हे मला माहीत आहे. पण ठराव शुद्ध आहे, आणि अक्षर माझं आहे. तेव्हाच्या मला बाहेरचं जग कळत नव्हतं, असं म्हणून मी सुटका करून घेऊ शकते. पण तिला एक गोष्ट कळत होती: दोन ठिकाणचे निरोप एकाच तोंडाने सांगता येत नाहीत. मी म्हणते येतात. दिवाळीच्या सुट्टीत बैठक आहे, तिथे बघू.

दरम्यान याद्यांचं काम पुन्हा सुरू झालंय. सहा वर्षांतली तीन वर्षं भरत असली की निवृत्त शिक्षकाचंही नाव लागतं, म्हणून परवा गणिताच्या सरांकडे फॉर्म १९ घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, जन्मतारखेतली चूक दुरुस्त केली आणि सही केली. मत कोणाला देणार ते विचारू नका, असं हसत म्हणाले. मी विचारलं नाही. पण पक्षाला यादी देताना प्रत्येक नावापुढे खूण करावी लागते: आपला, विरोधातला, काठावरचा. काठावरच्यांकडे शेवटच्या दोन रात्री कोण कोण आणि काय काय घेऊन जातं, ते मास्तर लोकांना माहीत आहे. मी त्यांच्या नावापुढे 'आपला' लिहिलं, म्हणजे त्यांच्या दारात कोणी जाणार नाही.