बुटक्यांना बुटके कोण म्हणतं?

मे महिन्यात भाचेकंपनी गावाला आली की संध्याकाळी आमच्या खळ्यात एक खेळ चालतो. वही, पेन्सिल आणि सापशिडीतला फासा, गोष्टीतलं जग मी रचायचं, त्यातली पात्रं मुलांनी व्हायचं आणि फासा पडेल तशी गोष्ट पुढे न्यायची. त्या जगात डोंगर पोखरून राहणारी छोटी माणसं आहेत, त्यांना मी आपलं सरळ ‘बुटके’ नाव ठेवून दिलेलं आणि सगळे त्यांना बुटकेच म्हणायचे, अगदी ते स्वतःसुद्धा. यंदा एका संध्याकाळी लाइट गेलेली, कंदील लावून बसलेलो, आणि धाकटा म्हणाला, "मामा, पण बुटक्यांना बुटके कोण म्हणतं? त्यांच्या गावात तर सगळेच तेवढे असणार ना."

गप्पच झालो. मी तळकोकणातला माणूस, लहानपणापासून ‘घाटी’ हा शब्द वापरत आलोय, पण कधी डोक्यात आलं नाही की घाटावर राहतो तो घाटी, म्हणजे हे नाव ठेवणारा घाटाखाली उभा आहे हे त्या शब्दातच आलं. कोल्हापूरचा माणूस आपल्या ओट्यावर बसून स्वतःला घाटी कशाला म्हणेल? आणि तोच शब्द मुंबईला गेला की त्यातला घाट गळून पडतो, नुसती शिवी उरते, तिथे आपल्यालाही घाटी म्हणून मोकळे होतात. चाकरमान्याचंही तसंच. चाकरीला मुंबईत गेला तो चाकरमानी, पण गावात हा शब्द उच्चारताना त्यात थोडा मान असतो, थोडी चेष्टा असते आणि आता खोबरेल तेल नि बिस्किटांच्या पुड्यातलं काय काय आणलंय त्याची उत्सुकता असते. २०२५ च्या गणपतीच्या तोंडावर सरकारकडून निघालं की चाकरमानी नको, कोकणवासी म्हणा. असेल बरोबर, पण आमच्या स्टँडवर एसटीतून अजून चाकरमानीच उतरतात.

तर दुसऱ्या दिवशी बुटक्यांपासून परत सुरुवात केली. पहिला धागा भाच्याच्या कपाळानेच दिला. आमच्या स्वयंपाकघराचं दार जुनं, चौकट बुटकी, मुंबईहून आलेला प्रत्येक जण पहिल्या दोन दिवसांत तिथे डोकं आपटतोच. मोठ्या भाच्याला चांगलं टेंगूळ आलेलं, आई हळद लावत होती आणि धाकटा हसत होता (हा अजून चौकटीखालून सहज जातो). म्हटलं झालं, डोंगराच्या पोटातली माणसं बाहेरच्या सगळ्यांना म्हणणार ‘कपाळफुटे’. राजा असो नाहीतर हमाल, त्यांच्या दारात आला की कपाळफुट्याच.

मग त्यांना कोण काय म्हणेल? समुद्रावरची माणसं त्यांच्या उंचीकडे कशाला बघतील, होडीत बसल्यावर कोण उंच नि कोण बुटका. पण ही माणसं लोखंड विकायला येतात आणि पाण्यात पडली की सरळ तळाला जातात. म्हणून ‘नांगरे’. हा शब्द मुलांना इतका आवडला की दोन दिवसांत मोठ्याने परस्पर ठरवून टाकलं, नांगऱ्यांना आता याचा राग येत नाही, उलट ते दारावर नांगर कोरतात. मी फक्त लिहून घेतलं.

समुद्रवाले बाकी सगळ्यांना ‘गोडे’ म्हणतात, गोड्या पाण्यावर जगणारे. ऐकायला कौतुक वाटतं, पण लाट बघून ओकणाऱ्यालाच ते म्हणतात. आणि जी माणसं हजार हजार वर्षं जगतात ती आपल्यासारख्यांना म्हणतात ‘मिरगे’. मृगाचा तो लाल मखमली किडा असतो ना, पहिल्या पावसात अंगणभर निघतो, पोरं तळहातावर घेतात आणि बघता बघता दिसेनासा होतो, त्यावरून. हा माझ्या मते वहीतला सगळ्यात क्रूर शब्द आहे, आणि ते तो मायेने वापरतात ही अजून एक गंमत.

पण काही गोष्टींचं नावच घ्यायचं नसतं. आमच्याकडे रात्री साप म्हणत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. म्हणून माझ्या समुद्रातला जो भलामोठा राक्षस आहे त्याचं तीन वर्षं जपून ठेवलेलं सात अक्षरी नाव मी खोडून टाकलं. आता होडीतली माणसं नुसतं हळू आवाजात म्हणतात, "पावणो इलो." एवढ्यावर भाची कंदिलाच्या जवळ सरकली. सात अक्षरी नावाला कधी कोणी सरकलं नव्हतं.

जूनमध्ये सगळे परत गेले. परवा धाकट्याचा व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज, "मामा, नांगऱ्यांच्या बायका नांगऱ्यांना काय म्हणतात? त्या पण नांगऱ्याच म्हणतात का?" मला काही सुचेना, आई तांदूळ निवडत बसलेली, तिलाच विचारलं. तिने मान वर न करताच सांगितलं, "तुझ्या बापाशीक मिया कधी नावान हाक मारलंय?"

वहीत लिहून ठेवलंय: नांगरीण, नवऱ्याला, ‘ऐकलात?’