तुम्ही विचारलंत म्हणून : वाळवंटातून हायस्पीड रेल्वे जाईल का?

‘वाळवंटात चिटपाखरू नाही. घरं पाडायची नाहीत, शेतं घ्यायची नाहीत, जमीन सपाट. मग तिथून हायस्पीड रेल्वे न्यायला अडचण कसली?’ हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की एकदा बैजवार उत्तर लिहून ठेवावं म्हटलं.

रेल्वे जाते. गेलेलीही आहे. सौदी अरेबियात मक्का ते मदिना हा जेद्दावरून जाणारा सुमारे ४५० किलोमीटरचा हरमैन मार्ग ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला आणि तिथे गाड्या ताशी ३०० किलोमीटरने धावतात. चीनमध्ये लानचौ ते उरुमची हा १,७७६ किलोमीटरचा मार्ग २०१४ च्या डिसेंबरात पूर्ण सुरू झाला. त्याचा मोठा भाग गोबीच्या उजाड पट्ट्यातून जातो. तेव्हा बांधता येईल का, याचा निकाल लागलेला आहे. बांधलेला मार्ग पुढची पन्नास वर्षं वाळवंटाच्या हातून रोज सोडवून घ्यायचा खर्च कोण उचलणार, यावर मात्र प्रस्ताव उभे राहतात किंवा झोपतात. म्हणूनच नवा आराखडा हातात आला की मी बांधकामाचा आकडा नंतर बघतो, देखभालीचा आधी.

सगळ्यात खर्चिक शत्रू वाळूच. पण ‘वाळूचं वादळ’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा तो पिवळा ढग रुळाला फारसा त्रास देत नाही. ती धूळ असते, उंचावरून निघून जाते. रूळ गाडणारी वाळू जमिनीलगत, गुडघ्याच्या खालून चालते. दशांश एक ते अर्धा मिलिमीटरचे कण वाऱ्यावर टुणटुण उड्या मारत पुढे सरकतात. त्यांना वादळ लागत नाही, सेकंदाला पाच-सहा मीटरचा वारा पुरतो. अशा वाऱ्याला आपण ‘छान वारं सुटलंय’ म्हणतो.

ही वाळू खडीत शिरते आणि मग खडी, खडी राहत नाही. रुळाखालची खडी दोन कामं करते: गाडीचा दणका थोडा दबून झेलते आणि पाणी खाली जाऊ देते. टोकदार दगडांमधल्या फटी वाळूने भरल्या की हा थर आखडतो. दणका थेट स्लीपरवर (रुळाखालच्या काँक्रीटच्या आडव्या पट्टीवर) आणि रुळाखालच्या रबरी पॅडवर येतो, पॅड झिजतात, स्लीपरला चिरा जातात. ट्रॅक वर-खाली झाला म्हणून टॅम्पिंग मशीन (खडी ठासून ट्रॅक सारखा करणारं यंत्र) लावलं, तर त्याचे दाते खडी सरकवण्याऐवजी वाळू दाबत बसतात, आणि थोड्याच दिवसांत ट्रॅक पुन्हा बिघडतो. मग सगळी खडी उपसून, चाळून परत घालणं एवढाच उपाय उरतो. हे काम गाड्या बंद ठेवून, रात्रीच्या ब्लॉकमध्ये होतं, आणि पुढच्या मोसमात पुन्हा करावं लागतं.

‘मग खडी टाकूच नका, काँक्रीटच्या लादीवर रूळ बसवा.’ बरोबर आहे, आणि हरमैनवर जिथे वाळू जास्त येते त्या भागांत तेच केलं आहे. पण लादीचा स्वभाव समजून घ्या. खडीवरचा ट्रॅक खचला तर खाली खडी भरून उचलता येतो. लादीखालचा भराव खचला तर रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपांमधून काही मिलिमीटर, फार तर दोनेक सेंटिमीटर सुधारता येतं, त्यापुढे लादी फोडावी लागते. शिवाय लादीवर वाळू शिरत नसली तरी साठते. म्हणून रुळाची बैठक लादीपासून जरा उंच ठेवतात, खालून वारा वाहून वाळू नेईल अशी. पॉइंट्सच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या, सरकत्या जिभेत मूठभर वाळू अडकली तरी ती पूर्ण बसत नाही, सिग्नल हिरवा होत नाही, आणि मार्गावरच्या सगळ्या गाड्या थांबतात. गंमत अशी की चाकं घसरू नयेत म्हणून रेल्वेगाड्या स्वतःच छोट्या पेटीत कोरडी वाळू बाळगतात आणि लागेल तेव्हा रुळावर सोडतात. ती मात्र मापाची, चाळलेली.

वाळू रुळापर्यंत येऊच न देणं सगळ्यात स्वस्त. चीनमध्ये शापोथोउ इथे टेंगर वाळवंटाच्या कडेने १९५८ मध्ये जुनी, साध्या वेगाची रेल्वे गेली. तिच्यासाठी गव्हाचं काड वाळूत उभं खोचून एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन केले, जमिनीवर वीतभर उंच, शेकडो मीटर रुंद पट्ट्यात. जमिनीलगतचा वारा त्या चौकोनांत मंदावतो आणि वाळू हलत नाही. काड काही वर्षांत कुजतं, तेवढ्यात त्यात लावलेली झुडपं तग धरतात. ती लाइन आजही चालू आहे. झुडपं जगतील एवढाही पाऊस नसेल तिथे कुंपण घालतात. ते भिंतीसारखं बंद असलेलं चालत नाही, साधारण चाळीस ते पन्नास टक्के भोकं हवीत, नाहीतर वारा वरून उसळून पलीकडे खळगे पाडतो. कुंपणामागे त्याच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत वाळू पडते. म्हणजे दोन मीटरचं कुंपण रुळापासून दहा मीटरवर लावलं, तर तुम्ही स्वतःच्या हाताने वाळू रुळावर आणून टाकली. ही चूक कागदावर वेडगळ वाटते, पण रेल्वेच्या ताब्यातली जमिनीची पट्टी अरुंद असली की नेमकी हीच होते. जमीन स्वस्त आहे ना, मग वाऱ्याच्या बाजूला रुंद घ्या. आणि कुंपण भरलं की ते वाळूला चढायला उतार होतं. त्याच्या डोक्यावर नवीन उभं करायचे पैसे अंदाजपत्रकात हवेत.

चालत्या टेकड्यांचा पट्टा टाळणं उत्तम, पण ३०० च्या वेगाला वळणाची त्रिज्या चार किलोमीटरपेक्षा जास्त लागते. ऐनवेळी बगल देता येत नाही, कित्येक किलोमीटर आधीच ठरवावं लागतं.

आता ऊन. हवेत ५० अंश असताना उन्हातला रूळ सहज ६५-७० ला जातो, आणि हिवाळ्यातल्या पहाटे तोच ५ अंशांवर येतो. हा फरक ६५ अंशांचा. मोकळा सोडला तर एक किलोमीटर रूळ एवढ्यात जवळपास पाऊण मीटर लांबेल. पण हायस्पीड मार्गावर रूळ अखंड जोडलेला असतो, त्याला लांबायला जागाच नाही. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशामागे सुमारे १.९ टन जोर साठतो. रूळ ४० अंशांवर ताणरहित अवस्थेत बसवला असेल, तर ७० ला एका रुळात ५५ टनांच्या वर दाब, आणि ५ अंशांना ६५ टनांच्या वर ताण. दाबाने ट्रॅक बाजूला सापासारखा वळतो, ताणाने वेल्डिंग तुटतं. ४० हा आकडा वर नेला तर उन्हाळा सोपा आणि हिवाळा कठीण, खाली आणला तर उलट. खडीत वाळू असेल तर स्लीपरची बाजूची पकडही बदलते, त्यामुळे हिशेब आणखी बिघडतो.

काँक्रीटलाही हेच ऊन सोसावं लागतं. ओतताना ते साधारण ३२ अंशांच्या आत ठेवायचं तर पाण्यात बर्फ घालून रात्री ओतायचं. वाळवंटातली वाळू गोलसर आणि फार बारीक, ती काँक्रीटला चालत नाही. वाळूच्या समुद्रात वाळू बाहेरून आणावी लागते. ४५० किलोमीटरच्या दुहेरी मार्गाला, ६० सेंटिमीटरवर एक धरून, पंधरा लाख स्लीपर लागतात. त्यांचं काँक्रीट आणि ते मुरवायचं पाणी दोन्ही टँकर आणि ट्रकवर.

वाऱ्याकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण गाडी जड असते. २८ फेब्रुवारी २००७ ला शिनजियांगमध्ये तुर्फानजवळ नुसत्या वाऱ्याने प्रवासी गाडीचे ११ डबे उलटवले. ती जुन्या मार्गावरची साधी गाडी होती. लानचौ–उरुमची हायस्पीडचे सुमारे ५८० किलोमीटर अशा वादळी पट्ट्यांतून जातात, म्हणून तिथे वाऱ्याच्या बाजूला मैलोगणती भिंती आहेत. भिंत जिथे संपते आणि खोदकाम किंवा पूल सुरू होतो, तो सांधा सगळ्यात वाईट. गाडी आडोशातून एकदम झोतात येते. चीनचा नियम सरळ आहे: वारा सेकंदाला २५ मीटरपर्यंत असेल तर ताशी २००, ३० पर्यंत १२०, त्यापुढे गाडी वादळी पट्ट्यात सोडायचीच नाही. वेळापत्रकात याची जागा ठेवली नाही तर ‘हायस्पीड’ फक्त पाटीवर राहतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. वर्षात दोनदा पाऊस पडतो, पण पडतो तो तासाभरात. लांबलचक भराव म्हणजे बांधच, आणि ज्या मोऱ्यांतून पाणी जायचं त्या उरलेलं वर्ष वाळूने बुजत असतात. पाऊस येण्याआधी त्या उपसणारी माणसं हवीत. विजेच्या तारांचंही तसंच: कोरडी धूळ इन्सुलेटरवर बसून काही करत नाही, पहाटेच्या दवाने ती ओली झाली की ठिणगी उडते. म्हणून लांब पाकळ्यांचे सिलिकॉनचे इन्सुलेटर आणि वेळापत्रकाने धुलाई.

हे सगळं जमतं, पैसे असले तर. आणि पैसे वाळवंटातून येत नाहीत, दोन टोकांच्या शहरांतून येतात. हरमैनच्या दोन्ही टोकांना वर्षभर यात्रेकरू आहेत. लानचौ–उरुमचीचा उद्देशच निराळा होता, प्रवासी नव्या मार्गावर घेऊन जुनी लाइन मालगाड्यांना मोकळी करणं. अमेरिकेत लास व्हेगास ते लॉस एंजेलिस परिसर या ३५० किलोमीटरच्या मार्गाचं भूमिपूजन एप्रिल २०२४ मध्ये झालं. खर्चाचा अंदाज १२ अब्ज डॉलरवरून २० अब्जांच्या पुढे गेला. मोजावे वाळवंटात रूळ बहुतांशी महामार्गाच्या दुभाजकात बसणार आहेत, तिथली जमीन तयार आहे. अडचण कहोन खिंडीत आहे, जिथे महामार्गाला ६ टक्के चढ आहे. कोलोन–फ्रँकफर्टसारख्या तीव्र चढाच्या हायस्पीड मार्गावरही तो ४ टक्केच आहे. या खिंडीपायी आधीच्या योजनेत रेल्वे खिंडीच्या अलीकडे, व्हिक्टरव्हिलला संपणार होती, आणि लोक विचारायचे की तिथवर गाडी हाकत गेलेला माणूस पुढे रेल्वेत कशाला बसेल. नव्या आराखड्यात रेल्वे खिंड उतरते, पण रँचो कुकामोंगाला थांबते. वाळवंट सुमारे दोन तासांत, आणि लॉस एंजेलिसच्या मध्यापर्यंतच्या उरलेल्या साठ-सत्तर किलोमीटरना लोकल बदलून तासाहून अधिक.