ऋतू बदलायच्या आधी पंपाकडे बघा

दम्याचा त्रास ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो, पण दमा ऋतूबरोबर येत-जात नाही. धाप लागत नाही त्या महिन्यांतही श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला थोडी सूज असतेच. गार हवा, ओल, परागकण किंवा साधी सर्दी त्या सुजेला डिवचते. मग नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, कफ चिकट होतो आणि छाती वाजायला लागते. म्हणून ‘त्रास सुरू झाला की पंप सुरू करू’ हा हिशेब दर वर्षी चुकतो.

रोज घ्यायचा प्रिव्हेंटर, म्हणजे बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्लुटिकासोनसारखं श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड, ही सूज उतरवतो. फरक जाणवायला साधारण एक-दोन आठवडे लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला काही महिनेही जातात. सालब्युटामॉलचा रिलीव्हर, म्हणजे त्रास झाल्यावर घ्यायचा पंप, काही मिनिटांत आराम देतो, पण तो फक्त आवळलेले स्नायू सैल करतो, सुजेला हातही लावत नाही. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा रिलीव्हर लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, असंच समजावं. उत्तर गोलार्धातल्या अनेक देशांत सुट्टीनंतर शाळा उघडल्या की सप्टेंबरमध्ये मुलांच्या दम्याच्या झटक्यांची लाट येते. वर्गात सर्दीचे विषाणू पसरतात आणि सुट्टीत बऱ्याच मुलांचा प्रिव्हेंटर सुटलेला असतो. तुमचा वाईट काळ कोणता हे ठाऊक असेल, तर त्याच्या तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. डोस वाढवायचा की तोच ठेवायचा हे तेव्हाच ठरू द्या. परागकणांमुळे नाक गळत असेल तर नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रेही हंगामाच्या दोन आठवडे आधी सुरू केलेला चांगला.

वाईट काळ ओळखायला आठवणीवर विसंबू नका, पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर फेकता येतो ते मोजणारं छोटं उपकरण, वापरा. काटा शून्यावर आणायचा, उभं राहून छातीभर श्वास घ्यायचा, त्याच्या तोंडात धरायच्या नळीभोवती ओठ घट्ट मिटून एकच जोरदार, झटकन फुंकर मारायची. असं तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. दमा छान आटोक्यात असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ मोजलं की तुमचा सर्वोत्तम आकडा कळतो. तो ४०० असेल तर ३२०च्या वर (८० टक्के) ठीक, ३२० ते २०० या पट्ट्यात सावध व्हायचं, आणि २००च्या खाली (५० टक्के) गेला तर तातडीने मदत घ्यायची. बऱ्याचदा छातीत काही जाणवण्याआधीच आकडा उतरू लागतो, विशेषतः सकाळचा.

आता खुद्द पंपाकडे, कारण हवामान पंपावरही परिणाम करतं आणि याविषयी फार कमी बोललं जातं. पावडरच्या इनहेलरचा शत्रू म्हणजे ओल. ओलसर हवेत पावडरीच्या गुठळ्या होतात आणि औषध फुप्फुसात जाण्याऐवजी घशातच बसतं. त्यामुळे तो बाथरूममध्ये ठेवायचा नाही, त्यात तोंडाची वाफ सोडायची नाही, आणि कॅप्सूल असेल तर ती घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढायची. पावडर जोरात आणि खोल ओढावी लागते. स्प्रेच्या पंपाचं नेमकं उलटं आहे. तो सावकाश, चार-पाच सेकंद ओढायचा आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. एकाच माणसाकडे दोन्ही प्रकार असले की इथेच गफलत होते. स्प्रेचा डबा कडाक्याच्या थंडीत गार पडला तर फवारा नीट उडत नाही. बाहेर पडताना तो आतल्या खिशात ठेवा, वापरण्याआधी हातात धरून कोमट करा. उन्हात तापलेल्या गाडीत मात्र कधीच सोडू नका.

डबा हलवून औषध किती उरलंय ते कळत नाही. औषध संपल्यावरही आतला वायू फवारत राहतो आणि पंप चालू आहे असं वाटतं. आकडा दाखवणारा पंप नसेल तर डब्यावर सुरुवातीची तारीख लिहा आणि हिशेब करा: २०० फवाऱ्यांचा डबा रोज चार फवारे घेतले तर ५० दिवसांत संपतो. स्पेसर, म्हणजे स्प्रेच्या पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि न पुसता वाळू द्या. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. प्रिव्हेंटर घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात.

दमट दिवसांत घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) फारसे वाढत नाहीत. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश पाण्यात धुवा. भिंतीवरची बुरशी दमेकऱ्याने स्वतः खरवडू नये. आणि गळती बंद केल्याशिवाय नुसता रंग मारून काहीच साधत नाही.

परागकणांच्या हंगामातलं वादळ वेगळंच धोकादायक. एरवी अख्खा परागकण खोल फुप्फुसात शिरण्याइतका बारीक नसतो, पण वादळातल्या ओलाव्याने तो फुटतो आणि त्याचे बारीक तुकडे थेट आत जातात. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ रोजी अशाच वादळानंतर हजारो लोकांना श्वासाचा त्रास झाला आणि दहा जणांचा मृत्यू झाला. त्रास झालेल्यांपैकी अनेकांना आधी दम्याचं निदानच झालेलं नव्हतं. वादळाआधी खिडक्या लावून आत थांबा.

थंडीत नाकाने श्वास घ्या, नाक-तोंडावर मफलर घ्या, व्यायामाआधी दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करा. फ्लूची लस दर वर्षी घ्या. ताप किंवा अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेण्याआधी विचारा, काही दमेकऱ्यांना त्यानेच झटका येतो.

झटका आलाच तर आडवं होऊ नका, ताठ बसा. सालब्युटामॉल स्पेसरमधून एकावेळी एकच फवारा, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास, असे चार फवारे घ्या. चार मिनिटं थांबा. उतार नसेल तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत हेच करत राहा. फॉर्मोटेरॉल आणि स्टिरॉइड एकत्र असलेला पंप असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेली पद्धत पाळा. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, किंवा धाप तशीच असून घरघर एकदम थांबली असेल तर चार मिनिटांचीही वाट पाहू नका. घरघर थांबणं हे तेव्हा आराम पडल्याचं लक्षण नसतं, हवाच आत जात नसते. झटका घरच्या घरी उतरला तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, सूज उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो.