करंगळी जाईल एवढं भोक

गाडी मागे घेताना ‘कर्रर्र’ असा आवाज आला. मला वाटलं, फांदी घासली. उतरून बघते तर फांदी घुसली होती. मोटरहोमच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या माझ्या गाडीच्या, उजव्या भिंतीत, मागच्या चाकाच्या वर हातभर अंतरावर, वाळक्या फांदीचा खुंट थेट आत. गाडी हळूच पुढे घेतली तसा तो बाहेर आला आणि मागे करंगळी जाईल एवढं भोक राहिलं. भोवती केसासारख्या बारीक तड्यांची जाळी.

त्या दिवशी एवढंच केलं: भिंत पुसून कोरडी केली आणि चिकट ब्युटाइल रबराचं अस्तर असलेली अॅल्युमिनियमची टेप चारी बाजूंनी दाबून लावली. गाडीत कुठेतरी सिलिकॉनची ट्यूब होती, तीच भोकात पिळायचा मोह होत होता. कंटाळा आला म्हणून ती शोधली नाही, आणि तो कंटाळा पुढे फार उपयोगी पडला.

घरी आल्यावर दादाला फोन केला. दादाने बरीच वर्षं फायबरच्या होड्या बांधल्या आहेत. मला वाटलं, तो सांगेल अमुक लांबी (भोक बुजवायची पुट्टी) आण आणि भर. त्याने विचारलं, “आत ओल आहे का, बघितलंस?”

“अरे, दोनच दिवस झालेत. लगेच टेप लावली होती.”

“तरी बघ. आणि फक्त त्याच भोकापाशी नको, अख्खी भिंत ठोकून बघ.”

माझ्या गाडीची भिंत म्हणजे एक सँडविच आहे. सगळ्यात बाहेर जेमतेम अर्धा मिलिमीटर जेलकोट, म्हणजे तो चकचकीत पांढरा थर. त्याच्याखाली दीडदोन मिलिमीटरचा फायबरचा पापुद्रा, मग ३ मिलिमीटर प्लाय, मग थर्माकोल, आणि आतल्या बाजूने परत प्लाय. हे सगळं एकमेकांना डिंकाने चिकटवलेलं असतं आणि भिंतीची ताकद त्या चिकटण्यातच असते. प्लाय भिजला की डिंक सुटतो, फायबर फुगतं आणि भिंतीवर फोडासारखे उंचवटे येतात. तिथपर्यंत गेलं तर ते घरी करायचं काम राहत नाही. (नालीदार पत्र्याच्या भिंती असलेल्या गाड्यांचं तंत्र वेगळं असतं. तिथे पत्र्यामागे लाकडी चौकट असते, आणि पुष्कळदा पत्र्याचा तेवढा पट्टाच बदलता येतो. माझा अनुभव फायबरचा आहे.)

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत निघाले. चांगल्या जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बोदा. फांदीच्या भोकाभोवती टणक. तसंच पुढे सरकत खिडकीखाली आले आणि आवाज बदलला. तिथे आधीच्या मालकाने कसला तरी ब्रॅकेट काढून टाकला असावा, कारण स्क्रूची दोन भोकं होती आणि दोन्हींवर सिलिकॉनचे ठिपके. गाडी घेतल्यापासून ते ठिपके रोज बघत होते आणि ‘बंद केलेली भोकं’ म्हणून सोडून देत होते. एका ठिपक्याला नख लावलं तर तो टोपी काढावी तसा अलगद निघून हातात आला. आतली कड तपकिरी होती.

दोन टोकदार पिनांचा ओलमापक आणला. हा मापक फायबरवर टेकवून काही कळत नाही, पिना लाकडात जाव्या लागतात. म्हणून आतल्या कपाटात, जिथे कुणी बघणार नाही अशा जागी, पिना टोचून मोजत गेले. त्याआधी बाहेरची वीजजोडणी काढली आणि बॅटरीची निगेटिव्ह तारही सोडवली, कारण या भिंतींतून वायरी गेलेल्या असतात आणि नेमक्या कुठून ते कुणालाच माहीत नसतं. कोरड्या जागी आकडा आला १२ टक्के, फांदीच्या भोकापाशी १४, आणि स्क्रूच्या भोकांखाली २७. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की कुजण्याचा धोका सुरू होतो, म्हणजे हे पुष्कळच पुढे गेलं होतं. फांदी लागली नसती तर मी तिकडे टकटक करायला कधीच गेले नसते.

वाळवण्यात १९ दिवस गेले. बुडवून वर काढलेल्या लाकडाचं पाणी निथळतं, पण दोन्हीकडून बंद असलेल्या भिंतीतल्या ओलीला बाहेर पडायला वाटच नसते. कपाटाच्या आतून, ओल्या भागाच्या तळाशी ४ मिलिमीटरची चार भोकं पाडली, बाहेरची दोन भोकं उघडी ठेवली, आत छोटा पंखा लावला आणि गाडीची दारं बंद करून हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र चालू ठेवलं. हीटगन मारून दोन तासांत उरकावं असं तिसऱ्या दिवशी मनात आलं होतं. दादाने आठवण करून दिली की थर्माकोल साधारण ८० अंशांच्या पुढे बसायला लागतो आणि डिंकही मऊ पडतो. मग गुपचूप पंखाच ठेवला. रोज संध्याकाळी मोजायचं आणि कपाटातल्या मास्किंग टेपवर आकडा लिहायचा: २७, २६, २६, २४… मध्ये चार दिवस २१वर अडून बसला. शेवटी १४.

आता तो लाजिरवाणा भाग. स्क्रूची भोकं वाळत असताना मी फांदीचं भोक भरायला घेतलं. ते कोरडंच होतं. तयारी व्यवस्थित केली होती, हे मी ठासून सांगते: आधी साबणाच्या पाण्याने धुतलं, मग अॅसिटोनच्या फडक्याने मेण पुसलं, आणि मगच घासायला घेतलं. क्रम उलटा झाला तर मेण पॉलिशपेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसतं आणि वर काहीच धरत नाही. तडे गेलेलं फायबर कापून टाकलं तेव्हा भोक ३ सेंटिमीटरचं झालं. कडेला उतार द्यायचा असतो, जाडीच्या बारापट. म्हणजे २ मिलिमीटरच्या पापुद्र्याला सगळीकडून २४ मिलिमीटर. करंगळीएवढ्या भोकापायी बशीएवढी जागा ८० नंबरच्या पेपरने घासून काढली. एवढा उतार असला की नवीन कापड जुन्या फायबरवर नीट पसरतं आणि जोडाला धरायला जागा मिळते.

इथवर ठीक. मग पॉलिएस्टर रेझिन घेतलं (फायबरच्या कामातलं पातळ राळेसारखं द्रव), ते कडक व्हावं म्हणून २ टक्के हार्डनर घातला, जरा घट्ट केलं आणि भोकात भरलं. काठोकाठ. दोन मिनिटांत ते खाली गेलं. मला वाटलं, कुठेतरी पोकळी असेल, ती भरली. परत भरलं, परत खाली गेलं. तिसऱ्यांदा भरताना भोकातून चरचर असा अगदी बारीक आवाज ऐकू आला आणि मी दादाला व्हिडिओ कॉल लावला.

त्याने बघितलं आणि आधी हसला. मग म्हणाला, “थर्माकोलवर पॉलिएस्टर ओतलंस ना?”

पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि स्टायरीनमध्ये ते विरघळतं. मी भोक भरत नव्हते, आतून खणत होते. जेवढं ओतावं तेवढा थर्माकोल वितळून मोठी गुहा तयार होत होती, आणि तीही अशी की बाहेरून काही दिसू नये. “थांब, आणखी ओतू नकोस. आत आहे ते खरवडून काढ,” म्हणाला. अर्धवट घट्ट झालेला तो लगदा वाकड्या तारेने आणि चमच्याच्या दांड्याने काढायला दुपार गेली. आत बोट फिरवलं तेव्हा मूठभर जागा रिकामी झालेली कळली.

इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन, त्याने थर्माकोल विरघळत नाही. म्हणून पुढचं सगळं इपॉक्सीत. थर्माकोलचे छोटे तुकडे कापून, घट्ट केलेल्या इपॉक्सीत बुडवून गुहेत ठासले. फुगणारा फोम मारावा का, असं विचारलं तर दादा म्हणाला, “मार, आणि मग फुगलेल्या भिंतीचा फोटो पाठव.” तो फोम फुगताना पापुद्र्याला आतून ढकलतो.

प्लायलाही आता भोक होतं, तेव्हा मागून आधार हवा. यासाठी दादाने सांगितलेली युक्ती मला फार आवडली. ३ मिलिमीटर प्लायची एक पट्टी घ्यायची, रुंदीला भोकापेक्षा कमी आणि लांबीला जास्त. मधोमध दोन बारीक भोकं पाडून त्यांतून दोरा ओवायचा, पट्टीच्या कडांना इपॉक्सी फासायचं, पट्टी उभी धरून भोकातून आत सरकवायची, आडवी करायची आणि दोऱ्याने आपल्याकडे ओढून धरायची. बाहेरून भोकावर एक काडी आडवी ठेवून दोरा तिला पिळून बांधला. रात्रभर तसंच. सकाळी दोरा कापला तेव्हा पट्टी भिंतीचाच भाग झाली होती.

तिच्यावर काचेच्या कापडाच्या चकत्या, तीन, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी मोठी. इथे आणखी एक चूक होता होता वाचली. मी कापड न आणता सुट्या धाग्यांची मॅट आणून ठेवली होती. त्या मॅटचे धागे ज्या चिकट पदार्थाने धरलेले असतात तो विरघळायला सहसा स्टायरीन लागतं. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट कडकच राहते आणि वळणावर बसत नाही. विणलेलं कापड वापरलं. ब्रशने दाबून दाबून त्यातली हवा काढली. इपॉक्सी घट्ट झाल्यावर वर एक मेणचट थर येतो, तो घासण्याआधी पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुऊन टाकला.

हातमोजे आणि मास्क यांबद्दल फार लिहीत नाही, पण दोन्ही वापराच. मास्क दोन गोष्टी अडवणारा हवा, वाफही आणि धूळही. इपॉक्सी हाताला लागत राहिलं तर एक दिवस त्याची अॅलर्जी सुरू होऊ शकते आणि मग ती सहसा जात नाही. पॉलिएस्टरचा हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा. काचेची धूळ मात्र नुसती छळते. एकदा लांब बाह्यांचा शर्ट न घालता घासलं आणि दोन दिवस हात खाजवत बसले.

आता रंग. जेलकोट हे पॉलिएस्टरच असतं, आणि इपॉक्सीवर ते नीट धरत नाही. त्यामुळे बशीएवढ्या ठिगळावर जेलकोटचा नाद सोडून लांबी, प्रायमर आणि दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग असं केलं. स्क्रूच्या भोकांना मात्र जेलकोट चालला. तिथे मऊ झालेला प्लाय टोकरून काढला होता, पातळ इपॉक्सी पाजून प्लायच्या पातळीपर्यंतच भरलं होतं आणि ते पूर्ण वाळू दिलं होतं. वरच्या दोन मिलिमीटरांत जेलकोटला जुन्या फायबरची तिरकी कड धरायला मिळाली. ज्या भोकात सिलिकॉन होतं तिथली कड मी तीनदा पुसली आणि तीनदा घासली. सिलिकॉनचा अंश राहिला तर त्यावर काही म्हणजे काही टिकत नाही.

पांढरा रंग जुळवणं हे या सगळ्यातलं सर्वांत चिडचिडं काम. पांढरा म्हणजे पांढरा, असं वाटतं. डब्यातला पांढरा माझ्या भिंतीवर पांढऱ्या दातासारखा चमकत होता, कारण उन्हाने भिंत पिवळट झालेली. आधी भिंतीचा हातभर भाग कंपाउंडने (घासून चकाकी आणायच्या पेस्टने) घासून वरचा पांढुरका भुगा काढला, म्हणजे खरा रंग दिसेल. मग पिवळ्या रंगद्रव्याचा काडीच्या टोकावर मावेल एवढा ठिपका, काळ्याचा त्याहून कमी, आणि प्रत्येक मिश्रण पारदर्शक प्लॅस्टिकवर लावून भिंतीवर धरून बघायचं. सातवं जुळलं. हवा लागली तर जेलकोटचा वरचा थर चिकटच राहतो, म्हणून भरल्यावर त्यावर प्लॅस्टिकची फिल्म ताणून चिकटवली. दुसऱ्या दिवशी ३२० नंबरपासून १५०० पर्यंत वॉटर पेपर, मग कंपाउंड, मग मेण.

स्क्रूची भोकं आता मलाही शोधावी लागतात. फांदीचं ठिगळ लपलेलं नाही. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात बशीच्या कडेची रेषा दिसते. दादाला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर आलं, “घासायला अजून एक दिवस द्यायला हवा होतास.” खरं आहे, पण मी तो देणार नाही.

कपाटातली मास्किंग टेप काढलेली नाही. बाजूची पिनांची भोकंही तशीच ठेवली आहेत, म्हणजे परत मोजता येतं. मोठा पाऊस पडून गेला की मोजते. शेवटचे तीन आकडे १३, १३, १२.