आमची वाटचाल : केळीच्या खोडातून धागा

केळीच्या खोडाला घड एकदाच येतो. घड उतरला की रावेर-यावल पट्ट्यातला शेतकरी ते खोड कापतो, बांधावर नाहीतर रस्त्याच्या कडेला टाकतो आणि त्याची मजुरीही स्वतःच भरतो. आमच्या घरची केळी असल्यामुळे हा खर्च आमच्या अंगवळणी पडला होता. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, फळाचं नाव झालं. खोड मात्र कुजतच राहिलं.

नवसारी कृषी विद्यापीठात या खोडापासून धागा, द्रवरूप खत, अगदी कँडीसुद्धा करतात हे कळलं. तिथलं काम पाहिलं आणि धागा काढायचं यंत्र घेतलं.

खोड उभं चिरून सोपटं, म्हणजे खोडाचे एकावर एक असलेले थर, सुटी करायची. एकेक सोपट फिरत्या रोलरमध्ये अर्धं घालून मागे ओढायचं, मग दुसरं टोक द्यायचं. गर खरवडला जातो आणि हातात ओली, लांब लड येते. बाहेरच्या सोपटांचा धागा राठ, तो दोरी-चटईला. आतल्यांचा मऊ आणि चमकदार, तो विणकामाला. आमच्याकडच्या ताई नुसत्या बोटांनी दोन्ही वेगळे करतात. ही पारख कुठलंही यंत्र देत नाही आणि आमच्या मालाची पत तिच्यावरच टिकून आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. खोड कापून पडून राहिलं की चीक काळवंडतो, धागा तपकिरी पडतो. म्हणून आम्ही खोडं कारखान्यात आणत बसलो नाही, यंत्रच ट्रॅक्टरवर चढवून शेतात नेतो.

हिशेब सरळ आहे. खोडात नव्वद टक्के पाणीच. शंभर किलोमागे सुका धागा जेमतेम किलोभर. नुसत्या धाग्यावर मजुरीसुद्धा सुटत नाही. खोडाचं गाळलेलं पाणी पालाशयुक्त (पोटॅश असलेलं), ते पिकाला खत म्हणून जातं. चोथ्याचं गांडूळखत होतं. तिन्ही विकलं तरच धंदा उभा राहतो. या उद्योगात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी हेच सांगतो.

सुरुवातीला गिऱ्हाईक पिशव्या-चटयावाल्यांचं होतं. आता हातमागाचे विणकर सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) आमच्या धाग्याचा बाणा (आडवा धागा) टाकतात. सूतगिरणीचं गणित वेगळं. तिथे धागा मऊ करून कापसाच्या लांबीचा कापावा लागतो, तेव्हा कुठे तो कापसात मिसळून कातता येतो. सध्या आमची सगळी खटपट त्यासाठीच चालली आहे. कापूसही खानदेशचाच असावा, असा आमचा आग्रह आहे.