भाकरी हातापेक्षा मोठी नको

पक्षाघाताला अकरा आठवडे झाले तेव्हा मावशींना बार्थेलच्या तक्त्यात शंभरापैकी ८० गुण होते. फायलीवर हा आकडा छान दिसतो. या तक्त्यात दहा गोष्टी मोजतात: जेवण, अंघोळ, वेणीफणी, कपडे, शौच, लघवी, संडासचा वापर, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं आणि जिना. स्वयंपाक त्यात नाही. त्यामुळे ८० गुणांची बाई दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असली तरी तक्त्याला त्याचा पत्ता लागत नाही.

मावशी सोलापूर जिल्ह्यातल्या. वीसेक वर्षं कडक भाकरी करून विकायच्या. कागदासारखी पातळ, तव्यावर खडखडीत वाळवलेली. हे काम दोन्ही हातांचं, आणि तेही कमालीच्या सफाईचं. इजा डाव्या मेंदूत, पण आत खोलवर, इंटर्नल कॅप्सूल (हालचालीचे हुकूम नेणाऱ्या तंतूंचा पट्टा) आणि त्याला लागून असलेल्या थॅलॅमसच्या (जाणिवा पुढे पोचवणाऱ्या केंद्राच्या) भागात झाली होती. म्हणून बोलणं शाबूत राहिलं; उजवा हात मात्र गेला. खांदा थोडा उचलायचा, कोपर वाकायचं, बोटं आपोआप मुठीत जायची आणि हुकमावर उघडायची नाहीत. हातातली जाणीवही बोथट झाली होती.

ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून करायच्या उपचारात, आम्ही एक प्रश्न विचारतो: रोजच्या जगण्यातली कोणती गोष्ट तुम्हाला करायची आहे आणि जमत नाही? उत्तराला तीन आकडे लावायचे, प्रत्येक एक ते दहामध्ये. ती गोष्ट किती महत्त्वाची, आज किती जमते, आणि जमते त्यावर किती समाधान. घरच्यांनी सांगितलं, "हात पहिल्यासारखा करून द्या." मावशी म्हणाल्या, "भाकरी. दहा, एक, एक. लिवा." मग सुनेकडे बघून, "ही म्हणती, बसून खावा. बसून किती खायाचं, सांगा की!"

सुनेचं चुकत नव्हतं. सासूला भाजेल, ती पडेल, ही भीती खरीच होती. पण मायेपोटी एकेक काम काढून घेतलं की माणसाकडे उरतं काय? शिवाय न वापरलेला हात मेंदूच्या हिशोबातूनही हळूहळू बाद होत जातो. हात-पायाची सुधारणा सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्यातले अकरा आठवडे सरले होते.

मावशी मध्येच रडायच्या, त्याचाही उलगडा करावा लागला. पक्षाघातानंतर काहींना कारण नसताना रडू किंवा हसू फुटतं आणि विषय बदलला की अर्ध्या मिनिटात थांबतं. तो मेंदूतल्या आवरण्याच्या यंत्रणेचा दोष, दुःख नव्हे. नैराश्य वेगळं. त्यात झोप बिघडते, जेवण तुटतं, आवडती गोष्टही नकोशी होते. ते साधारण तीनातल्या एका रुग्णाला कधी ना कधी गाठतं. मावशींना नैराश्यच होतं, म्हणून त्यांना मानसोपचार विभागात पाठवून गोळ्या सुरू झाल्या. भाकरीने नैराश्य जातं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गोळ्यांनी झोप आली, झोपेमुळे सकाळी आमच्या विभागात यायची ताकद आली, आणि मग भाकरीचा विषय निघाला.

गृहभेटीचा दिवस ठरवण्याआधी विभागात दोन आठवडे पूर्वतयारी झाली. ओली माती मळणं, गार तव्यावर फडकं उलटं करणं, खुर्चीवरून उठून दहा मिनिटं उभं राहणं. दहा मिनिटांनंतर त्यांचा उजवा गुडघा मागे ढकलला जायचा. म्हणजे एका दमात तीनच भाकऱ्या, हा हिशोब तिथेच ठरला.

घरी पोचल्यावर आधी गॅस पाहिला. बसून स्वयंपाक करता यावा म्हणून शेगडी खाली ठेवायची सूचना बरेच जण करतात. ती करू नये. शेगडी सिलिंडरच्या माथ्यापेक्षा वरच हवी. म्हणून शेगडी ओट्यावरच ठेवली. ओटा ३० इंच उंच, मावशी जेमतेम पाच फुटांच्या आतल्या. उभं राहून तळहाताने दाब द्यायला ही उंची बरोबर बसते. मळणं मात्र बसून, २४ इंची टेबलावर. खुर्ची हात असलेली, चाकं नसलेली. पदर कमरेला खोचून पिनेने घट्ट केला, कारण उजव्या बाजूचा पदर ज्वाळेकडे गेला तर तिकडची कातडी लवकर सांगत नाही. उजवा हात तव्याजवळ आणायचाच नाही, हा नियम. पण गळ्यात झोळीही नको. झोळीत अडकलेला हात आणखी आखडतो. आणि उठवताना कुणीही त्या हाताला धरून ओढायचं नाही. खांद्याचा सांधा आधीच सैल असतो, ओढला की निसटतो.

परातीने पहिली खोडी काढली. स्टीलची हलकी परात. एका हाताने मळायला लागलं की गरागरा फिरते. आम्ही अशा वेळी खाली ओलं फडकं घालतो किंवा खणात अंथरतात ती रबराची जाळी. मी पिशवीतून जाळी काढतच होते, तोवर मावशी नातवाला म्हणाल्या, "माळ्यावरची काठवट काढ रं." लाकडी, जड, बुडाशी खरखरीत. टेबलावर ठेवली की जागची हलेना. उजव्या हाताची मूठ काठवटीच्या काठाशी आतून टेकवली आणि हाताचं वजन त्यावर सोडलं. हातावर असा भार पडला की आखडलेले स्नायूही थोडे सैल होतात. बिनकामाचा म्हणून दूर ठेवलेल्या हाताला नोकरी मिळाली, काठवट धरायची.

आता मूळ अडचण. ज्वारीत ग्लूटेन नसतं, म्हणून गव्हासारखं पीठ ताणत नाही. थापलेली भाकरी दोन्ही तळव्यांवर उचलावी लागते. एका हाताने उचलली की मधोमध मोडते. यावर उपाय थालीपीठाचा. मांजरपाटाचं फडकं भिजवून घट्ट पिळायचं आणि ओट्याच्या कडप्प्यावर पसरायचं. ओलं कापड दगडाला चिकटून बसतं, सरकत नाही. त्यावर ओल्या डाव्या हाताने थापायचं. मग हात फडक्याखाली घालून भाकरी तळव्यावर घ्यायची, तव्याची लांबची कड आधी गाठायची आणि मनगट आपल्याकडे न वळवता पलीकडे पालथं करायचं. फडक्याची बाजू वर येते, ती आधीच ओली असते, त्यामुळे वरून पाणी फिरवायचं एक कामही वाचतं. अट एकच: भाकरी हातापेक्षा मोठी नको. बोटं पसरून मावशींचा पंजा साडेसहा इंच भरला. भाकरी पाच इंचांची ठरली.

"ही काय भाकरी? ही तर बाहुलीची," मावशी म्हणाल्या. पण थापायला लागल्या.

आयुष्यभर उजव्या हाताने थापलेल्या बाईला डाव्या हाताने थापताना दिशाच उलटी होते. भाकरी फिरवायची बाजू बदलते, कडेला आवरून धरणारा अंगठा बदलतो. पहिली भाकरी कडेला चिरली आणि तव्यावर पडता पडता तिचे दोन तुकडे झाले. दुसरी चिरली, पण उतरली. मी वहीत लिहिलं: डाव्या हाताचा दाब असमान, कडेला बोटांचा आधार अपुरा. मावशींना म्हटलं, अंगठा जरा बाहेरून लावा, आणखी आठवडाभर मातीवर सराव करू.

त्यांनी मला उत्तर दिलं नाही. उरलेल्या गोळ्यातला चिमूटभर भाग बोटांत चुरला, हुंगला आणि सुनेला विचारलं, "दळान कधीचं?"

तीन आठवड्यांचं होतं.

"मंग इरी कुटनं राहील? आन वर ह्यांचं कोमट पानी."

कोमट पाणी माझं होतं. उकळत्या पाण्याचं पातेलं एका हाताने उचलणं सगळ्यात धोक्याचं, म्हणून मी ते बंदच केलं होतं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहायचा गुण, गेलेली असते. ताजं पीठ कोमट पाण्यातही निभावून नेतं, जुनं नाही. ज्वारीचा स्टार्च साधारण ७० अंशांच्या पुढे फुगतो आणि तोच चिकटपणा भाकरीला धरून ठेवतो. माझी वही हाताला दोष देत होती आणि हात बिचारा बरोबर चालला होता.

आता सुरक्षितपणाचा नियम न मोडता उकळतं पाणी हवं होतं. पातेलं उचलायचंच नाही, असं ठरवलं. पाऊण वाटी पाणी जाड बुडाच्या दांड्याच्या भांड्यात उकळलं, गॅस बंद केला, त्यातच वाटीभर पीठ टाकलं, उलथण्याच्या दांड्याने ढवळलं. ढवळताना भांडं फिरू नये म्हणून त्याचा दांडा भिंतीला टेकवला. झाकण ठेवून पाच मिनिटं. उकड हाताला सोसेल इतकी निवाल्यावर भांडं सुनेने टेबलावर आणलं आणि गोळा काठवटीत काढला. एवढी मदत ठेवली. सगळं एकटीनेच केलं पाहिजे हा हट्ट आमच्या पेशातल्या काहींना असतो, घरातल्या बायकांना नसतो. उकड निवली की नाही हे पाहताना मात्र एक ताकीद: पारख डाव्या हातानेच करायची. उजव्याला भाजलं तरी उशिरा कळतं.

हा गोळा पहिल्या दोघांपेक्षा लवकर मऊ झाला. थापताना कडेला एक बारीक चीर आली, ती त्यांनी ओल्या बोटाने मिटवली. भाकरी तव्यावर अखंड पडली. उलथण्याने उलटली, मग चिमट्याने धरून ज्वाळेवर. एका बाजूने फुगली, दुसरीकडे चपटीच राहिली. मावशींनी ती मोडून पाहिली. पापुद्रा सुटला होता.

मी वही उघडून आकडे विचारले. आज किती जमली?

"भाकरीला चार."

आणि समाधान?

थोडा वेळ गेला. "मला सात."

या मोजणीत दोन गुणांचा फरकही दखल घेण्याजोगा धरतात. सुनेला वाटलं, दहा सांगायला हवे होते, ताईंना वाईट वाटेल. मावशी म्हणाल्या, जाड झाली, दहा कसे देऊ? मला ते चार फार पटले. वीस वर्षं भाकरी विकलेल्या बाईने स्वतःच्या मालाला लावलेला तो भाव होता.

कडक भाकरीचं मी कबूल केलं नाही. तेवढी पातळ थापायला दोन हात लागतात, आणि उजव्या हाताची बोटं तोवर उघडत नव्हती. बोटं आणि मनगट हुकमावर थोडी तरी उघडली तर चांगला हात बांधून अधू हाताकडून काम करून घेण्याची पद्धत वापरता येते. मावशी त्या मापात बसत नव्हत्या. हे त्यांना तसंच सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या. मग सुनेला म्हणाल्या, भाकरी विकणाऱ्या आपल्या गटातल्या नव्या पोरींच्या भाकऱ्या जाड निघतात म्हणून गिऱ्हाईक बोलतंय, त्यांना सोमवारी इकडं बसायला सांग, माझ्यासमोर थापू देत.

निघताना मी पुढच्या भेटीसाठी कामं लिहून दिली: रोज सकाळी एकदाच, तीन भाकऱ्या, घरात कुणीतरी असताना; फडकी दोन, आलटून पालटून; दुपारी उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने उघडून दहा वेळा ताणायची. मावशींनी कागद सुनेकडून वाचून घेतला आणि खाली एक ओळ वाढवायला लावली. दळण ताजं, आठ दिवसांच्या आतलं.