चंक्रमण की चक्रम?

लंडनच्या वायव्येला हर्टफर्डशायरमध्ये अमरावती नावाचा बौद्ध विहार आहे. आपल्या विदर्भातल्या अमरावतीशी त्याचा काही संबंध नाही. थायलंडच्या अरण्यवासी परंपरेतले भिक्खू अजान सुमेधो यांनी तो १९८४ मध्ये सुरू केला. मी पहिल्यांदा गेलो तो निव्वळ नाव वाचून.

तिथे चालण्याचं ध्यान शिकलो. झाडाखालच्या सरळ वाटेवर पंचवीसेक पावलं जायचं, थांबायचं, वळायचं, पुन्हा तीच वाट. पाऊल उचललं, पुढे गेलं, टेकलं, एवढ्यावरच लक्ष. कुठे पोचायचं नसतं. पालीत याला चंकम म्हणतात, संस्कृतात चंक्रमण. बोधगयेला महाबोधी मंदिराच्या उत्तर अंगाला बुद्धाच्या चंक्रमणाची जागा दगडी कमळांनी दाखवली आहे. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ दिलेत, त्यांत ‘खाल्लेलं नीट पचतं’ हाही आहे. मला लगेच भरीत-पुरी आठवली.

जानेवारीत गिरणाकाठी घरी आलो आणि पहाटे शेताच्या बांधावर सुरू झालो. तिसऱ्या फेरीला शेजारच्या शेतातल्या बाबांनी हटकलं, “काय दखी ऱ्हायना रे, काही पडनं का?” काही नाही म्हटलं तर त्यांना पटेना. मोबाईलच हरवला असणार, असं ठरवून त्यांनी मला रिंग दिली. ती माझ्याच खिशात वाजली. दुपारपर्यंत गावात बातमी, पोरगं तिकडे जाऊन चक्रम झालं. वर इंग्लंडच्या हिरवळीची सवय म्हणून अनवाणी गेलेलो, तर बाभळीचा काटा टाचेत. आईने सुईने काढला, बिब्याचा चटका दिला आणि चंक्रमणात वळताना कसं वाटलं ते विचारलंही नाही.

त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची होती. गव्हाला पाणी भरायला आप्पांबरोबर गेलो. टाच ठणकत होती, थंडी मी म्हणत होती. आप्पांनी फावडं खांद्यावर टाकलं, चपला पाण्याच्या दांडाशी काढल्या. मी बॅटरी लावली.

“बंद कर ती. पायले समजस.”

ते वाफ्याच्या कडेने निघाले. पाऊल टेकवायचे, जरासे थांबायचे, मग दुसरं. कोरडी माती, दमट माती, चिखल. एका जागी उभे राहिले. मला अंधारात काहीच दिसत नव्हतं, पाण्याचा आवाजही येत नव्हता. वाफा भरला हे त्यांना कळलं होतं. मी त्यांच्या मागे, मोजून तसंच पाऊल टाकत गेलो. अठरा की एकोणीस झाली असतील, तोच गार पाणी बोटांच्या बेचक्यातून वर आलं.

“आप्पा, आलं!”

“मंग उभा काय ऱ्हायना? फोड पुढल्या वाफ्याचं दारं.”